आघाती संपीडन, घन–चूर्ण मिश्रणांचे
स्फोटाने किंवा वेगवान वस्तूच्या आदळण्याने पदार्थात आघात तरंग निर्माण होऊन त्याचे घनफळ अत्यल्प काळात घटते. या क्रियेस आघाती संपीडन म्हणतात.

या विषयाचा सैद्धांतिक पाया विल्यम रँकिन (१८७०) व प्येअर-आंरी यूगोन्यो (१८८७–८९) यांनी घातला. तरंगाच्या दोन्ही बाजूंस द्रव्यमान, संवेग व ऊर्जा अक्षय्य राहतात, या तत्त्वावरून त्यांनी दाब, घनफळ व अंतर्गत ऊर्जा यांचा परस्परसंबंध मांडला. दुसऱ्या महायुद्धात लॉस अ‍ॅलॅमॉस येथे अणुबाँबच्या संदर्भात हा प्रश्न घन धातूंसाठी निकडीचा ठरला. तेथील वॉल्श व क्रिश्चन यांनी धातूंवरील मापने १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. बहुतेक धातूंत तरंगाचा वेग हा कणांच्या वेगाशी रेषीय संबंध दाखवितो, असे अशा मापनांवरून आढळले.

चूर्णाच्या बाबतीत छिद्रे मिटताना होणाऱ्या कार्यामुळे जादा उष्णता निर्माण होते. अंतर्गत ऊर्जेतील वाढ ही दाब व घनफळातील घट यांच्या गुणाकाराच्या सु. निम्मी असते. चूर्णाचे आरंभीचे घनफळ अधिक असल्याने त्याच दाबाला ते घन धातूपेक्षा कितीतरी अधिक तापते. छिद्रे अतिशय असल्यास दाब वाढूनही घनता कमी होऊ शकते. हे वर्तन मांडण्यासाठी वॉल्टर हेरमान यांनी १९६९ मध्ये सच्छिद्र पदार्थाचे विशिष्ट घनफळ व त्याच स्थितीतील घन द्रव्याचे विशिष्ट घनफळ यांचे गुणोत्तर हे चल म्हणून वापरले. छिद्रे पूर्ण मिटली की ते १ होते. कॅरल व होल्ट यांनी १९७२ मध्ये पोकळ गोलाच्या आकुंचनावरून छिद्र मिटण्याची यंत्रणा स्पष्ट केली.

मिश्रणासाठी सर्व घटकांवरील दाब समान मानून त्यांची घनफळे द्रव्यमानाच्या प्रमाणात मिळवितात. कणांमधून तरंग वारंवार परावर्तित होऊन दाब लवकर समान होतो; तापमान मात्र होत नाही, कारण उष्णतावहन मंद असते. हा भेद केवळ तात्त्विक नाही. डी कार्ली व जेमीसन यांनी १९६१ मध्ये आघाताने ग्रॅफाइटापासून हिरा तयार झाल्याचे दाखविले. पण दाब उतरल्यावर तापलेला हिरा पुन्हा ग्रॅफाइट बनतो. यावर उपाय म्हणून ग्रॅफाइट धातूच्या चूर्णात मिसळण्याची पद्धती डू पाँ कंपनीने विकसित केली. तुलनेने थंड राहिलेले तांबे हिऱ्याची उष्णता त्वरेने शोषून घेते. सर्वत्र एकच तापमान मानणाऱ्या प्रतिकृतीत हे यश दिसलेच नसते. त्यामुळे १९९० नंतर संगणकाच्या साहाय्याने प्रत्येक कणाचे विरूपण स्वतंत्रपणे काढण्याच्या पद्धती पुढे आल्या. अशनिपातविवरांच्या अभ्यासातही सच्छिद्र खडकांसाठी या प्रतिकृती उपयुक्त ठरल्या आहेत.