कापेल केलिन : जलाशयाखाली गेलेली वेल्समधील एक लहान मंडळी

ग्रेट ब्रिटनच्या पश्चिम भागातील वेल्स या देशात, बाला या बाजारगावाच्या वायव्येस, ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कापेल केलिन नावाचे एक खेडे होते. वेल्श भाषेत ‘कापेल’ म्हणजे प्रार्थनागृह आणि ‘केलिन’ म्हणजे हॉली हे काटेरी पानांचे सदाहरित झाड. प्रार्थनागृहावरूनच गावाला नाव मिळाले होते आणि गावाचे सारे सामाजिक जीवनही त्या प्रार्थनागृहाभोवती गुंफलेले होते. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी या खोऱ्यात धरण बांधण्यात आले आणि १९६५ साली घरे, शेते, शाळा, टपाल कार्यालय, प्रार्थनागृह व दफनभूमी यांच्यासह हे गाव जलाशयाखाली गेले. खोऱ्यात राहणाऱ्या ६७ जणांपैकी ४८ जणांना आपली घरे सोडावी लागली. ही संख्या फार मोठी नाही. तथापि या लहानशा मंडळीच्या विस्थापनाने वेल्सच्या राजकारणावर व भाषिक चळवळीवर जो परिणाम केला, तो आजही जाणवतो.

पंथाची पार्श्वभूमी

कापेल केलिनची मंडळी कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची होती. हाच पंथ पुढे वेल्सचे प्रेस्बिटेरियन चर्च या नावाने ओळखला जाऊ लागला. इ.स. १७३५ च्या सुमारास हॉवेल हॅरिस आणि डॅनियल रोलंड यांच्या उपदेशातून वेल्समध्ये धर्मजागृतीची लाट उसळली. आरंभी ही चळवळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चमध्ये राहूनच चालू होती. १८११ साली मात्र बाला येथे चळवळीने स्वतःच्या उपदेशकांना स्वतंत्रपणे दीक्षा दिली आणि नवा पंथ अस्तित्वात आला. या घटनेत बाला येथील धर्मोपदेशक थॉमस चार्ल्स (१७५५–१८१४) यांचा पुढाकार होता.

थॉमस चार्ल्स यांचे दुसरे मोठे कार्य म्हणजे रविवारच्या शाळांचा प्रसार. १८०० साली मेरी जोन्स नावाची एक गरीब मुलगी वेल्श बायबलची प्रत मिळवण्यासाठी सुमारे ४० किलोमीटर अंतर पायी चालून त्यांच्याकडे बाला येथे आली, ही कथा जगभरच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत सांगितली जाते. १८०४ साली लंडन येथे स्थापन झालेल्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीच्या संस्थापकांत चार्ल्स यांचा समावेश होता.

ट्रवेरिनच्या खोऱ्याला त्याहूनही जुनी धार्मिक परंपरा होती. येथील हावोद वादोग या शेतवाडीवर सतराव्या शतकात क्वेकर पंथीयांच्या सभा भरत असत आणि तेथेच त्यांची दफनभूमीही होती. छळाला कंटाळून या परिसरातील अनेक क्वेकर कुटुंबे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जाऊन स्थायिक झाली. कालांतराने, एकोणिसाव्या शतकात, याच खोऱ्यात मेथडिस्टांचे प्रार्थनागृह उभे राहिले.

याच पंथाचा भारताशी निकटचा संबंध आहे. पंथाने १८४० साली स्वतःची मिशन संस्था स्थापन केली. तिचे पहिले मिशनरी थॉमस जोन्स १८४१ साली चेरापुंजी येथे पोहोचले आणि त्यांनी खासी भाषेचे लेखन रोमन लिपीत सुरू केले. १८९७ पासून मिझो टेकड्यांतही वेल्श मिशनरींचे कार्य सुरू झाले. हे सर्व कार्य वेल्समधील लहानमोठ्या मंडळ्यांच्या वर्गणीतून चालत असे. मेघालय व मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांत वेल्श चालींवरील गीते आजही गायिली जातात.

प्रार्थनागृह आणि मंडळीचा नित्यक्रम

वेल्समधील खेड्यांतील अशी प्रार्थनागृहे अत्यंत साधी असत. त्यांत मूर्ती नसत, चित्रे नसत, सुशोभित वेदीही नसे. उपासनेत प्रवचनाला सर्वोच्च स्थान असल्याने व्यासपीठ मध्यभागी व उंचावर असे. व्यासपीठाच्या पुढ्यात कठड्याने वेगळी केलेली बैठक असे, तिला ‘सेट वाऊर’ म्हणजे ‘मोठे आसन’ म्हणत. मंडळीने निवडलेले वडीलजन तेथे बसत. हे वडीलजन बहुधा शेतकरी, मेंढपाळ किंवा कारागीर असत. लहान मंडळीला स्वतंत्र पाळक ठेवणे परवडत नसे. त्यामुळे एकच पाळक अनेक मंडळ्यांची जबाबदारी सांभाळी आणि इतर रविवारी बाहेरगावचे उपदेशक येत. त्यांच्या भोजनाची व मुक्कामाची व्यवस्था गावातील कुटुंबे आळीपाळीने करीत.

रविवारी दोन वेळा उपासना होई आणि दुपारी रविवारची शाळा भरे. या शाळेत मुलांबरोबर प्रौढ व वृद्धही बसत. वयानुसार वर्ग पाडलेले असत. बायबलमधील एखादा उतारा घेऊन त्यावर प्रश्नोत्तरे व वादविवाद चालत. आठवड्यात एके संध्याकाळी ‘सेयात’ नावाची सभा होई. तीत सभासद आपले आध्यात्मिक अनुभव, शंका व चुका परस्परांसमोर मांडत. मंडळीची शिस्त कडक होती. मद्यपान निषिद्ध मानले जाई. रविवारी कामधंदा करणे तर दूरच, खेळणेही अयोग्य समजले जाई. वेल्समधील मद्यालये रविवारी बंद ठेवण्याचा १८८१ चा कायदा याच वातावरणातून आला होता. या शिस्तीचा जाच अनेकांना, विशेषतः तरुणांना होत असे, हेही नमूद केले पाहिजे.

तरीही या जीवनात आनंदाला वाव नव्हता असे नाही. वेल्श उपदेशक प्रवचन रंगात आले की अर्धगेय स्वरात बोलू लागत. कीर्तनकाराचा स्वर चढत जावा, तसाच हा प्रकार होता. सामुदायिक गायन हा तर उपासनेचा प्राणच होता. सरगमीप्रमाणे स्वरांची आद्याक्षरे लिहिण्याच्या ‘टॉनिक सोल्फा’ पद्धतीमुळे पाश्चात्त्य स्वरलिपी न येणारी माणसेही चार आवाजांत गाऊ शकत. वर्षातून एकदा परिसरातील मंडळ्या ‘कमान्वा गानी’ या गायनमेळाव्यासाठी एकत्र येत. पाठांतर, काव्य, निबंध व गायन यांच्या स्पर्धाही मंडळ्यांच्या आश्रयाने होत. वीणेसारख्या हार्प या वाद्याच्या साथीने वेगळ्याच चालीवर पद्ये गाण्याची वेल्श कला बाला परिसरात विशेष जोपासली गेली होती.

भाषेचे आश्रयस्थान

प्रार्थनागृहाचे महत्त्व केवळ धार्मिक नव्हते. वेल्समध्ये न्यायालये, सरकारी कचेऱ्या व शाळा यांचा कारभार दीर्घकाळ इंग्रजीत चाले. १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या शिक्षणविषयक सरकारी अहवालात वेल्श भाषा प्रगतीच्या आड येते असा निष्कर्ष काढण्यात आला होता. अनेक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलांच्या गळ्यात शिक्षा म्हणून लाकडी पाटी अडकवली जाई. अशा काळात सामान्य माणसाला स्वतःच्या भाषेत वाचायला, विचार मांडायला आणि सभेत बोलायला शिकवणारी जागा म्हणजे प्रार्थनागृहच होते. १५८८ साली विल्यम मॉर्गन यांनी पूर्ण केलेले बायबलचे वेल्श भाषांतर हा या साऱ्या शिक्षणाचा पाया होता.

१९११ च्या जनगणनेत वेल्समधील ४३.५ टक्के लोक वेल्श बोलत होते. १९६१ मध्ये हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. कापेल केलिनमध्ये मात्र विसाव्या शतकाच्या मध्यातही घर, शेत, शाळा व उपासना या सर्व ठिकाणी वेल्श हीच भाषा होती. त्यामुळे या गावाचे बुडणे म्हणजे केवळ काही घरांचे बुडणे नव्हे, अशी भावना वेल्सभर निर्माण झाली.

धरणाचा निर्णय

लिव्हरपूल महापालिकेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच वेल्समधील व्हर्नवी नदीवर धरण बांधले होते. त्या वेळीही एक गाव पाण्याखाली गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराची व उद्योगांची पाण्याची गरज वाढली. महापालिकेने प्रथम दोलानोग येथील जागेचा विचार केला. तो परिसर ॲन ग्रिफिथ्स (१७७६–१८०५) या प्रसिद्ध वेल्श भक्तिगीतकर्त्रीच्या वास्तव्याने पावन मानला जात असल्याने तीव्र विरोध झाला आणि तो विचार मागे पडला. त्यानंतर डिसेंबर १९५५ मध्ये ट्रवेरिनच्या योजनेची वार्ता बाहेर आली. बाधित होणाऱ्या ग्रामस्थांशी आधी कोणताही विचारविनिमय झाला नव्हता.

ग्रामस्थांनी बचाव समिती स्थापन केली. २१ नोव्हेंबर १९५६ रोजी आबालवृद्ध ग्रामस्थ लिव्हरपूलला गेले आणि त्यांनी फलक घेऊन शहरातून मोर्चा काढला. त्यांच्यासमवेत वेल्श राष्ट्रीय पक्षाचे नेते ग्विनवोर एव्हान्स होते. महापालिकेवर याचा परिणाम झाला नाही. वेल्समधील स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी लागू नये म्हणून महापालिकेने थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक मांडले. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही विधेयकाच्या बाजूने मत दिले नाही. तरीही ते संमत झाले आणि १ ऑगस्ट १९५७ रोजी त्याला राजसंमती मिळाली. वेल्सचे सर्व प्रतिनिधी एकत्र येऊनही वेल्सची जमीन वाचवू शकत नाहीत, ही गोष्ट या घटनेने उघड केली.

या प्रश्नाला दुसरी बाजूही होती. लिव्हरपूलच्या गरीब वस्त्यांची दाटी व तेथील अस्वच्छता हे वास्तव होते आणि शहराला पाणी लागतच होते. वादाचा मुद्दा पाणी द्यावे की नाही एवढाच नव्हता. ज्यांचे खोरे जाणार होते, त्यांना या निर्णयात स्थान होते की नाही, हा खरा प्रश्न होता.

अखेरची उपासना

बांधकाम सुरू झाल्यावर खोऱ्यातून जाणारा लोहमार्गही बंद झाला. १९६२ व १९६३ मध्ये धरणस्थळी तोडफोड व स्फोटाचे प्रकार घडले आणि त्यांबद्दल काही तरुणांना शिक्षा झाल्या. गावची शाळा १९६३ साली बंद झाली. त्याच वर्षी २८ सप्टेंबर रोजी प्रार्थनागृहात शेवटची उपासना झाली.

दफनभूमीचा प्रश्न सर्वांत नाजूक होता. पूर्वजांचे अवशेष अन्यत्र हलवण्याचा पर्याय कुटुंबांना देण्यात आला. त्यानुसार आठ मृतदेह उकरून दुसरीकडे पुरण्यात आले. उरलेले तेथेच राहिले आणि दफनभूमीवर काँक्रीटचा थर टाकण्यात आला. त्यानंतर पाणी साठवण्यास सुरुवात झाली. सुमारे ८०० एकर जमीन पाण्याखाली गेली. या जलाशयाला ‘लिन केलिन’ म्हणजे केलिन सरोवर हे नाव मिळाले.

२१ ऑक्टोबर १९६५ रोजी झालेल्या उद्घाटन समारंभात मोठी निदर्शने झाली. ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडल्या गेल्यामुळे भाषणे ऐकू आली नाहीत आणि समारंभ काही मिनिटांतच आटोपता घ्यावा लागला.

परिणाम व स्मृती

जुलै १९६६ मध्ये ग्विनवोर एव्हान्स कारमार्थेन येथील पोटनिवडणुकीत विजयी होऊन आपल्या पक्षाचे पहिले खासदार झाले. १९६७ साली वेल्श भाषेला न्यायालयीन व शासकीय व्यवहारात काही अधिकार देणारा कायदा झाला. १९९७ च्या सार्वमतानंतर १९९९ साली वेल्सचे स्वतःचे प्रतिनिधिगृह स्थापन झाले. या घडामोडींना अनेक कारणे होती. परंतु ट्रवेरिनचा उल्लेख केल्यावाचून त्यांचा इतिहास पूर्ण होत नाही. लानरिस्टिडजवळील एका पडक्या भिंतीवर १९६० च्या दशकात रंगवलेले ‘कोव्युख ड्रवेरिन’, म्हणजे ‘ट्रवेरिनची आठवण ठेवा’, हे शब्द वेल्सभर परिचित झाले. २०१९ साली या भिंतीची नासधूस झाली, तेव्हा लोकांनी ती पुन्हा उभारली आणि तेच शब्द देशभर अनेक ठिकाणी रंगवले.

लिव्हरपूल नगर परिषदेने ऑक्टोबर २००५ मध्ये या प्रकरणाबद्दल अधिकृतपणे क्षमा मागितली. धरण नसते तर कापेल केलिनची मंडळी आज पूर्वीसारखीच नांदत असती, असे मात्र खात्रीने म्हणता येत नाही. गेल्या अर्धशतकात वेल्समधील शेकडो प्रार्थनागृहे सभासद घटल्यामुळे बंद पडली आहेत. २०२१ च्या जनगणनेनुसार वेल्श बोलणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्के आहे. इतर मंडळ्या काळाच्या ओघात ओसरल्या. कापेल केलिनच्या मंडळीला मात्र स्वतःचे भवितव्य ठरवण्याची संधीच मिळाली नाही.

आज जलाशयाच्या काठावर एक लहान स्मारक प्रार्थनागृह उभे आहे. त्याचा आराखडा शिल्पकार आर. एल. गॅपर यांनी तयार केला आणि त्यासाठी जुन्या गावातील दगड वापरण्यात आले. शेजारच्या बागेत मूळ दफनभूमीतील स्मृतिशिला मांडलेल्या आहेत. हावोद वादोग येथील क्वेकरांच्या स्मरणार्थही काठावर एक फलक आहे. कडक उन्हाळ्यात पाण्याची पातळी खालावली की बुडालेल्या खोऱ्यातील जुन्या खुणा उघड्या पडतात आणि त्या पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येथे येतात.