कुलूप आणि माणूस



संस्थेतील माहिती सुरक्षित कशी राखावी, हा विषय संगणकाच्या जाणकारांचा. मी पडलो कामगारांत वावरणारा, शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. परंतु या विषयाची ओळख आपल्या तालुक्याला संगणक येण्यापूर्वीच झाली आहे, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

३ सप्टेंबर १९४२ रोजी याच गावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि तिच्यावर तिरंगा चढला. त्याच महिन्यात वडूज आणि इस्लामपूर येथे मोर्च्यांवर गोळीबार झाले. चळवळ भूमिगत झाली आणि त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे राहिले.

एका बाजूस इंग्रज सरकार. त्याच्यापाशी तिजोरी, बंदूक, तार, टपाल सारे होते. तरी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. कुलूप असून काय उपयोग? पेटी केव्हा आणि कोणत्या वाटेने जाणार, ही बातमी आधीच बाहेर पडली होती. भवानीनगरच्या पोलीसठाण्यासमोर तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी घरगुती भांडणाचे सोंग उभे केले. पोलीस भांडण सोडवण्यात गुंतले आणि इकडे साथीदारांनी ठाण्यातील हत्यारे नेली.

दुसऱ्या बाजूस प्रतिसरकार. त्यांच्यापाशी कुलूप नव्हते, कपाट नव्हते. तरी नाना पाटील १९४६ पर्यंत सरकारच्या हाती लागले नाहीत. खबरे नव्हते असे नाही. पण काम गटागटाने चाले आणि गावाला ते गुपित स्वतःचे वाटे. ज्याला गुपित आपले वाटते, तोच ते राखतो.

आता आजचे पाहा. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. कोणी भिंत फोडली नाही. कार्डावर पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न यंत्र बँकेला विचारते. त्याचे उत्तर मध्येच बसवलेला एक तोतया देऊ लागला. नकली कार्डे २८ देशांत चालली, आपल्या शेजारच्या कोल्हापुरातही चालली. भवानीनगरचे सोंग देशासाठी होते, हे लुटीसाठी; परंतु विश्वास ठेवणाऱ्याला फसवण्याची रीत तीच.

मीही या बाबतीत निर्दोष नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका गिरणीत आम्ही युनियन बांधत होतो. नव्या सभासदांची यादी मी, घाईत, गेटजवळच्या चहाच्या टपरीवर विसरलो. दुसऱ्या दिवशी ती व्यवस्थापकाच्या टेबलावर होती. आठवड्यात तिघांना घरी बसावे लागले. कागद माझा होता, पण त्यावरची पोटे त्यांची होती. तेव्हापासून पूर्ण यादी एका कागदावर मी कधी लिहिली नाही.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याच्या हाती द्यावे. जी माहिती लागत नाही, ती गोळाच करू नये. पैशाचा हुकूम आला की दुसऱ्या वाटेने खात्री करावी, मग हुकूम साहेबांच्या नावाने का असेना. आणि चूक झाली तर ती लगेच सांगणाऱ्या कारकुनाला शिक्षा करू नये. कारण शिक्षेच्या भीतीने जो गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्यातच चोराला वेळ मिळतो. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याने संस्थेला २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. ती योग्यच आहे. परंतु दंड नोकरी गेलेल्या माणसाचे घर चालवीत नाही.

पतपेढी असो, साखर कारखाना असो, दवाखाना असो; तेथल्या नोंदवहीत आपलीच नावे आहेत. ती दुसऱ्याची ठेव आहे, असे समजून राखली पाहिजेत. तासगावच्या माणसाला हे नव्याने शिकवावे लागू नये.