फेज्ड अ‍ॅरे अँटेना

अनेक छोट्या अँटेना ओळीत किंवा जाळीत मांडून, प्रत्येकीच्या लहरीची कला (फेज) मागेपुढे करत झोत हवा तिकडे वळवणारी रचना. जागचा एक खिळाही हलत नाही. शेजारच्या दोन अँटेनांत अर्ध्या तरंगलांबीचे अंतर असेल आणि प्रत्येक पुढची पाव आवर्तनाने मागे ठेवली, तर झोत 30 अंशांनी कलतो.

फर्डिनंड ब्राउन यांनी 1905 मध्ये हे तत्त्व दाखवले.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण नारायणगावजवळच्या खोडदचे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. नांदुऱ्याच्या 105 फुटी हनुमानमूर्तीची उंचीही या व्यासापुढे कमीच. तबकड्या फिरतात खऱ्या, पण पल्सार (स्पंदणारे तारे) टिपताना त्यांचे संदेश कला जुळवून बेरजेत घेतात, तेव्हा ती दुर्बीणही फेज्ड अ‍ॅरेच होते.

मोबाइलचे गणित मात्र बोटांवर मावणारे. 3.5 गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, म्हणून 5जी मनोऱ्यावरच्या एका फळीत डझनावारी अँटेना बसतात. एकाच वारंवारतेवर वेगवेगळ्या दिशांना अनेक झोत सोडून कित्येक ग्राहक सांभाळता येतात. किंमत मोजावी लागतेच: 60 अंशांपर्यंत वळवलेला झोत जवळजवळ दुप्पट रुंदावतो.