मांडीवरचं बाळ

ऑस्ट्रेलियातल्या केबल घराण्याची वंशावळ सुरू होते ती इंग्लंडातल्या नॉर्विचच्या तुरुंगात. हेन्री केबल आणि सुझॅना होम्स, दोघंही चोरीचे कैदी. १७८६ साली तुरुंगातच त्यांना मुलगा झाला. सुझॅनाला काळ्या पाण्यावर पाठवायचं ठरलं, पण प्लिमथला जहाजाच्या कप्तानाने तान्हं पोर घ्यायचं नाकारलं. तेव्हा जॉन सिम्प्सन नावाचा तुरुंगाचा साधा पहारेकरी ते बाळ मांडीवर घेऊन घोडागाडीने लंडनला, थेट मंत्री लॉर्ड सिडनींच्या दारी गेला! हुकूम निघाला: बाळ आईला द्या, बापालाही सोबत धाडा. १० फेब्रुवारी १७८८ला सिडनीत त्यांचं लग्न लागलं.

पस्तीस वर्षं मी इतिहास शिकवला, लॉर्डांची नावं मुलांकडून घोकून घेतली. सिम्प्सन मात्र मला सत्तरीनंतर भेटला.