विश्रामबागवाड्यातील कोशकार

सदाशिव पेठेतील ज्या विश्रामबागवाड्यात दुसऱ्या बाजीरावांचा मुक्काम असे, त्याच वास्तूत पेशवाईच्या अस्तानंतर, १८२१ साली, कमिशनर चॅप्लिनसाहेबांनी दक्षिणेच्या रकमेतून संस्कृत पाठशाळा स्थापन केली. आणि १८३७ साली तिची देखरेख ज्यांच्याकडे आली त्या थॉमस कँडी यांनीच, मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला परंतु प्रकृतीच्या अस्वास्थ्यामुळे अपुरा राहिलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली पूर्णत्वास नेला.

अशा कोशकाराची खरी कसोटी दुर्बोध शास्त्रीय संज्ञांपेक्षा नित्याच्या क्रियापदांतच लागते. ‘टर्न’ हा शब्द घ्यावा: चाक फिरते, वाट वळते, पान उलटते, दूध नासते, कातारी लाकूड कातून लाटणे करतो, आणि या सर्व ठिकाणी इंग्रजाचे काम त्या एकाच शब्दावर भागते. ‘टॉस’चीही तीच गत, नाणे उडवले जाते, उधळलेला बैल माणसाला शिंगावर घेऊन भिरकावतो, गलबत हेलकावे खाते, आणि हे दोन्ही शब्द एकत्र आले म्हणजे निद्राहीन मनुष्य अंथरुणात तळमळत या कुशीवरून त्या कुशीवर होऊ लागतो.

प्रत्येक हालचालीस स्वतंत्र क्रियापद देणारी आपल्या भाषेची ही दौलत, एतद्देशीय पंडितांच्या साहाय्याने, त्या पिढीच्या कोशकारांनी दप्तरी दाखल केली, आणि सरकारी शाळांच्या क्रमिक पुस्तकांतील गद्याला त्या परिश्रमाचा आधार मिळाला. परकीय अमदानीचे दोष कितीही मोजले, तरी हे ऋण मराठी माणसाने कृतज्ञतेने मान्य करावे आणि कोशरचनेचे कार्य आपल्या हिमतीवर अखंड चालू ठेवावे.