बेटाखालचं पाणी आणि नायट्रोजनची साक्ष

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला समुद्रात लांबवर शिरलेलं लाँग आयलंड, तिथे माझी सगळी नोकरी पाण्याचे नमुने तपासण्यात गेली. मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी कुणीतरी नवीन आलेलं विचारतं, “ताई, इथे पाणी डोंगरातल्या धरणाचंच ना?” ते शहराचं. नासाउ आणि सफोक या आमच्या दोन काउंटींतली सुमारे ३० लाख माणसं पायाखालचं पाणी पितात. हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळूत आणि तिच्याखालच्या त्याहून जुन्या वाळूच्या थरांत मुरलेला पाऊस, एवढाच आमचा साठा. आणि ज्या वाळूतून पाऊस मुरतो, तिच्यातूनच आमचं सांडपाणीही मुरत आलं आहे.

१९४७ साली नासाउमधल्या बटाट्याच्या शेतांवर लेव्हिटटाउन ही वसाहत उभी राहू लागली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती, ती भराभर बांधली गेली. १९५१पर्यंत त्यांची संख्या १७,०००च्या वर गेली. ड्रेनेज नव्हतं. घरटी एक शोषखड्डा खणला, की काम झालं. अशाच वसाहती पूर्वेकडे सरकत गेल्या. मग विहिरींच्या पाण्याला साबणाचा फेस येऊ लागला, आणि १९७१मध्ये सफोकने डिटर्जंटच्या विक्रीवर बंदी घातली.

फेस निदान डोळ्यांना दिसत होता. त्याच पाण्यातल्या नायट्रेटला मात्र रंग नाही, वास नाही, चव नाही. लिटरमागे १० मिलिग्रॅम नायट्रोजन ही इथली मर्यादा. त्यापुढे तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोक्यात येते. नायट्रेट किती आहे ते आम्ही मोजू शकत होतो. ते बटाट्याच्या खतातून आलं की संडासातून, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय ड्रेनेजवर पैसा घालायचा की खताला आवर घालायचा, हे ठरवणार कसं?

याचं उत्तर नायट्रोजनच्या समस्थानिकांकडे होतं. हवेतल्या दर हजार नायट्रोजन अणूंमध्ये साधारण चार अणू जड असतात, १५ वस्तुमानाचे, बाकीचे १४चे. रासायनिक खत हवेतल्याच नायट्रोजनपासून बनतं, म्हणून त्यात हे प्रमाण जवळपास हवेइतकंच राहतं. मलमूत्रातून मात्र अमोनिया उडून जातो, आणि उडताना हलके अणू पुढे असतात. मागे उरतं ते जड. त्यापासून झालेल्या नायट्रेटमध्ये जड अणूंचं प्रमाण हवेतल्या प्रमाणाच्या हजारात दहा भागांनी किंवा त्याहूनही अधिक वाढलेलं सापडतं.

१९७८ साली क्राइट्लर, रॅगोन आणि कॅट्झ यांनी ही कसोटी आमच्या बेटाला लावली. पूर्वेकडच्या शेतीच्या भागात नायट्रेट हलकं, पश्चिमेला शहराच्या हद्दीतलं क्वीन्स आणि नासाउ यांच्या दाट वस्तीकडे जड. म्हणजे पश्चिमेच्या पाण्यात माणसांचा मैला बोलत होता.

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग त्यानंतरचा आहे. १९८५मध्ये फ्लिप्स आणि बॉनर यांनी याच बेटावर बटाट्याचं एक शेत आणि गोल्फचं एक मैदान घेऊन खत आणि त्याखालचं भूजल, दोन्ही तपासलं. शेतातल्या खतात जड अणूंची हवेपेक्षा हजारी वाढ शून्याच्या आसपास होती, पण खालच्या पाण्यातल्या नायट्रेटमध्ये ती सुमारे ६ निघाली. जमिनीत मुरता मुरता खतही जड झालं होतं. समस्थानिक खोटं बोलत नाहीत, पण त्यांची उलटतपासणी करावी लागते: त्या जागेवर काय पेरलं, काय पुरलं, माती कशी आहे. नुसत्या एका आकड्यावर कुणालाही दोषी धरू नये, हे मी नव्याने कामाला लागलेल्या प्रत्येकाला सांगत आले.

पाण्याचं वय सांगणारा साक्षीदार वेगळा: ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. अणुचाचण्यांमुळे ते पावसात मिसळलं आणि १९६३च्या सुमारास त्याचं प्रमाण शिगेला पोहोचलं. दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं. ज्या विहिरीत ते जवळजवळ नाही, तिथलं पाणी त्या चाचण्यांच्या आधीचं, इतकं सावकाश ते खाली उतरतं. म्हणूनच नासाउमध्ये पुढे ड्रेनेज आलं तरी जुना दोष एका रात्रीत धुतला गेला नाही. शोषखड्ड्यांच्या काळातलं पाणी खालच्या थरांकडे सावकाश उतरतच राहिलं.

सफोकमध्ये आजही सुमारे ३,६०,००० घरांचं सांडपाणी शोषखड्ड्यांत आणि सेप्टिक टँकांत जातं. नोव्हेंबर २०२४मध्ये तिथल्या मतदारांनी पाण्याच्या शुद्धतेसाठी विक्रीकरात थोडी वाढ मान्य केली, याचा मला मनापासून आनंद झाला. कारण आज घातलेल्या पैशाचं फळ आपल्या नळाला लगेच दिसणार नाही, हे कळूनही लोकांनी हो म्हटलं. भूजलावर जगणाऱ्या कुठल्याही शहराने घरं बांधण्याआधी सांडपाण्याची सोय करावी. उशिरा केलेली सोय पुढच्या पिढीलाच उपयोगी पडते.