पंडिता रमाबाई : ख्रिस्ती श्रद्धा आणि ‘स्व’चा शोध

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतराकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले गेले. मिशनरी वाङ्मयाने त्यास सत्याचा विजय मानले, तर तत्कालीन देशी वृत्तपत्रांनी त्यास स्वसमाजाचा त्याग ठरविले. या दोन्ही भूमिकांत धर्मांतर करणारी व्यक्ती मात्र दुर्लक्षित राहिली. आपण कोण आहोत, या प्रश्नाचे उत्तर जात, कुल वा पतीच्या नात्यात न शोधता ईश्वराशी असलेल्या नात्यात शोधणे, हा त्या व्यक्तीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा होता. प्रस्तुत निबंधात पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या चरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यामुळे या शोधाचा मागोवा त्यांच्याच शब्दांवरून घेणे शक्य झाले आहे.

पार्श्वभूमी

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. स्त्रीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना पंडितांचा रोष पत्करावा लागला. कुटुंबाने पुराणकथनावर उपजीविका करीत देशभर भ्रमंती केली. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण यांचा मृत्यू झाला. पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या अन्य जातीच्या बंगाली गृहस्थाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८२ मध्ये त्यांना वैधव्य आले, तेव्हा कन्या मनोरमा एक वर्षाचीही नव्हती.

या काळात त्यांच्या वाट्याला एक विलक्षण विरोधाभास आला. ज्या समाजाने त्यांना सरस्वती म्हटले, त्याच समाजाच्या शास्त्रात स्त्रीला स्वतंत्र मोक्षाधिकार नव्हता. धर्मशास्त्रांत अनेक बाबतींत मतभेद असले तरी स्त्रीच्या हीनत्वाविषयी मात्र एकमत आहे, असा आपल्या अध्ययनाचा निष्कर्ष त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात नोंदविला आहे. पतीच्या द्वारेच स्त्रीला गती, असे मानल्यास पतिहीन स्त्रीला ईश्वरासमोर स्थानच उरत नाही. हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक नव्हता.

बाप्तिस्मा आणि मतभेद

१८८२ मध्ये पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना करून रमाबाई १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. श्रवणदोषामुळे तो हेतू साध्य झाला नाही. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयास असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. त्यास दोन गोष्टी विशेष कारणीभूत झाल्या. फुलम येथे ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची भगिनीसंघाने चालविलेली सेवा त्यांनी पाहिली, आणि योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना समजली. समाजाने टाकलेल्या स्त्रीशी ख्रिस्त उपासनेच्या स्वरूपाविषयी संवाद करतो, हे त्यांना सर्वस्वी नवे होते. फादर नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचाही त्यांच्यावर परिणाम झाला.

तथापि बाप्तिस्म्याने शोध संपला नाही. मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांची अपेक्षा नवख्रिस्ती स्त्रीने चर्चचे सिद्धांत निमूटपणे स्वीकारावेत, अशी होती. रमाबाईंनी त्रैक्यासारख्या सिद्धांतांविषयी शंका उपस्थित केल्या आणि आपल्या सदसद्विवेकास पटेल तेच स्वीकारण्याचा आग्रह धरला. चेल्टनहॅम येथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. मायदेशी पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना ती अनाकलनीय वाटली. शाकाहार न सोडण्यात जात्यभिमान आहे, असा ठपकाही त्यांच्यावर आला. क्रूसावर लॅटिनऐवजी संस्कृत शब्द का नसावेत, असे त्यांनी विचारले. १८८५ मधील एका पत्रात त्यांनी स्पष्ट केले, की हिंदुस्थानातील पुरोहितवर्गाचे जोखड आपण मोठ्या कष्टाने दूर केले आहे. तशाच दुसऱ्या जोखडाखाली जाण्याची आपली तयारी नाही. ईश्वरास शरण जाणे आणि ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या सत्तेस शरण जाणे, यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जो अनुभव आला, त्याचे वर्णन त्यांनी ख्रिस्ती धर्म पूर्वीच मिळाला होता, ख्रिस्त मात्र आता भेटला, अशा आशयाने केले आहे. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आलेला हा अनुभव त्यांनी आपल्या आध्यात्मिक जीवनाचा खरा आरंभ मानला.

शारदासदनचा वाद

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले शारदासदन १८९० मध्ये पुण्यास हलविण्यात आले. धार्मिक तटस्थता हे त्याचे घोषित धोरण होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या. त्यावरून ‘केसरी’ने टीका केली आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या वादाचा विचार दोन्ही बाजूंनी झाला पाहिजे. आपली श्रद्धा दडवून जगणे रमाबाईंना अशक्य होते, कारण ती श्रद्धाच त्यांची ओळख होती. मात्र जिच्यावर अन्नवस्त्र व शिक्षण अवलंबून आहे, तिचा धर्म स्वीकारताना आश्रित बालविधवा कितपत स्वतंत्र असते, हा टीकाकारांचा प्रश्नही निरर्थक नव्हता. दुष्काळानंतर केडगावच्या ‘मुक्ति’मध्ये आलेल्या शेकडो मुलींच्या संदर्भात तो अधिकच तीव्र होतो. स्वतःसाठी सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य मागणाऱ्या रमाबाई या संस्थेत मातृस्थानी, म्हणजेच सत्तास्थानीही होत्या.

भाषा व स्वत्व

‘मुक्ति’ कोणत्याही एका पंथाशी जोडलेली नव्हती. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाले. संस्कृतवर प्रभुत्व असूनही सामान्य स्त्रीला समजेल अशी साधी मराठी त्यांनी निवडली. ज्ञान आपल्यापर्यंत मध्यस्थाविना पोहोचावे, ही त्यांची जुनी मागणी येथे इतरांसाठी कृतीत उतरली. याच काळात १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्ह. नारायण वामन टिळक अभंग व कीर्तनाच्या वाटेने ख्रिस्तभक्ती मांडत होते. त्यांनीही १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. मिशनच्या चौकटीबाहेर श्रद्धेची वाट शोधणाऱ्या रमाबाई एकट्या नव्हत्या.

निष्कर्ष

१. रमाबाईंचे धर्मांतर हे एका ओळखीच्या जागी दुसरी तयार ओळख घेणे नव्हते. ती १८८३ पासून चाललेली दीर्घ प्रक्रिया होती.

२. ईश्वराशी थेट नाते मानल्यामुळे त्यांना जातिव्यवस्था आणि चर्चसत्ता या दोहोंना प्रश्न विचारण्याचे बळ मिळाले. त्याची किंमत म्हणून दोन्हीकडील एकाकीपण त्यांनी सोसले.

३. ख्रिस्ती होऊनही त्यांनी देशी आहार, भाषा व पोशाख सोडला नाही. त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे परके होणे, हे तत्कालीन समीकरण त्यांच्या बाबतीत टिकत नाही.

४. श्रद्धेतून लाभलेले स्वातंत्र्य संस्थेच्या रूपात इतरांना देताना सत्तेचा प्रश्न उद्भवतो. तो रमाबाईंनाही पूर्णतः सोडविता आला नाही. त्यांच्या आश्रमातील स्त्रियांचे स्वतःचे आवाज अभ्यासल्याशिवाय या इतिहासाचे आकलन अपुरेच राहील.